पिनेखालचा आकडा

सातपूरच्या कारखान्यांच्या मागच्या बाजूला लेथवरचा लोखंडी चुरा मातीत सांडलेला असायचा. मी आणि माझा मोठा भाऊ दिलीप तिथं चुंबक ओढत फिरायचो. चुंबक म्हणजे फुटक्या लाऊडस्पीकरमधली गोल चकती, तिला सुतळी बांधलेली. मातीतून ओढली की तिच्यावर काळे केस उगवल्यासारखा चुरा चिकटायचा. तो खरवडून डब्यात भरायचा आणि डबा भंगारवाल्याकडे न्यायचा, की त्या दिवशीचं तेल-मीठ घरात यायचं. वडील एका वर्कशॉपमध्ये प्रेसवर होते. एका दुपारी त्यांच्या उजव्या हाताची चार बोटं प्रेसखाली गेली. तेव्हा दिलीप चौथीत होता आणि मी पहिलीत.

आई आम्हाला घेऊन इगतपुरीला मामाकडे गेली. मामा रेल्वेत गँगमन. त्याच्या एका खोलीत आम्ही सगळ्यांनी तीन महिने काढले. त्या पावसात भिंतीला पाठ टेकली तरी सदरा ओला व्हायचा. वडिलांची जखम भरल्यावर परत आलो आणि आईबरोबर शाळेत गेलो, तर गुरुजींनी हजेरीपट उघडून दाखवला. आमच्या दोघांच्या नावांवर तांबड्या शाईची रेघ होती.

"नाव कमी झालंय," ते म्हणाले. "सलग गैरहजर. नियम आहे, बाई. मी काय करू?"

मी पहिलीतली म्हणून मला पुन्हा घेतलं. दिलीपला सांगितलं, पुढच्या जूनमध्ये ये. पुढच्या जूनमध्ये दिलीप कामाला लागला होता. तो शाळेत परत गेलाच नाही.

गुरुजी वाईट नव्हते. त्यांनी आम्हाला कधी हाकललं नाही, जातीवरून बोलले नाहीत. नियमाप्रमाणे रेघ मारली, इतकंच. रेघ सरळ होती, पट्टी लावून मारलेली. ती मला अजून दिसते.

पुढे दिलीप लेथवर गेला आणि मी शिकले. आमच्या घराण्यातली पहिली बी.ए. मी, पहिली बी.एड. आणि पहिली एम.एड.ही मीच. हे सांगताना मी लाजत नाही, कारण ते फुकट मिळालेलं नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नाशिकमधल्या एका बी.एड. कॉलेजात प्राध्यापिका झाले आणि चार-पाच वर्षांनी पीएच.डी.ला नाव घातलं. विषय होता शिक्षकांची वैयक्तिक उत्तरदायित्वाची जाणीव, आणि ती वेगवेगळ्या गटांत किती कमी-जास्त असते. शहरातले आणि खेड्यातले, बाया आणि बाप्ये, नवे आणि वीस वर्षं झालेले, झेडपीचे, आश्रमशाळांचे आणि खासगी संस्थांचे, असे गट.

दिलीपनं विचारलं, "म्हणजे नेमकं काय करणार?"

"मूल शाळेतून गळालं, नापास झालं, तर ते आपल्यामुळं झालं असं मास्तरला किती वाटतं, ते मोजायचं."

"कशानं मोजणार? थर्मामीटर लावून?"

"कागदानं."

"कागदावर कोण खरं बोलतंय," तो म्हणाला आणि जेवायला बसला. तेव्हा मला त्याचा राग आला होता.

आमच्या धंद्याची रीत सांगते. उत्तरदायित्व काही वजनकाट्यावर घालता येत नाही. म्हणून विधानं लिहायची. 'माझ्या वर्गातील मूल मागे राहिले तर मी स्वतःला जबाबदार धरतो.' पुढं पाच रकाने, पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत. शिक्षकानं एकात खूण करायची, आपण खुणेला गुण द्यायचे आणि बेरीज करायची. बेचाळीस विधानांची ही मापनी मी दीड वर्ष घासूनपुसून केली. तिच्यात पाच विधानं सापळ्याची होती. उदाहरणार्थ, 'मी आजवर एकदाही वर्गावर उशिरा गेलेलो नाही.' असल्या विधानाला जो पूर्ण सहमत, त्याच्या बाकीच्या उत्तरांकडं जरा संशयानं बघायचं. शेवटच्या पानावर एक मोकळा प्रश्न होता: 'नियमाबाहेर जाऊन, केवळ स्वतःच्या जबाबदारीवर घेतलेला एखादा निर्णय लिहा.' आणि पहिल्या पानावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं: 'नाव लिहू नये. आपली माहिती संपूर्ण गोपनीय राहील.'

ही मापनी घेऊन मी जिल्हाभर हिंडले. एसटीनं, जीपनं, कुणाच्या तरी मोटरसायकलच्या मागं बसून. पहिला धक्का नाशिक शहरातच बसला. एका नामांकित शाळेतून अठ्ठावीस फॉर्म परत आले. अठ्ठावीसही फॉर्मवर एकाच निळ्या पेनानं, एकाच वळणाची, शेपटीवाली खूण. मी मुख्याध्यापकांना भेटले. ते म्हणाले, "मॅडम, शिक्षकांना परीक्षेचं काम होतं. आमचे क्लार्क फार जबाबदार आहेत, त्यांनी सगळ्यांचे भरून दिले." जबाबदारी मोजायचे अठ्ठावीस फॉर्म एका क्लार्कनं भरले होते, आणि समोरच्या माणसाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

दुसऱ्या एका शाळेनं 'नाव लिहू नये' हे इतकं तंतोतंत पाळलं की फॉर्मवर कुणी नाव लिहिलं नाही. मात्र प्रत्येक फॉर्मवर शाळेचा गोल शिक्का, मुख्याध्यापकांची सही आणि सोबत शिक्षकांची नावं अनुक्रमानं जोडलेली. सिन्नरकडच्या एका बाईंनी फॉर्म भरून झाल्यावर मला बाजूला घेतलं. "बरोबर उत्तरं कधी कळवणार? सहाव्याला माझं चुकलं असेल, रात्रभर वाटत होतं." मी म्हटलं, यात चूक-बरोबर नसतं. त्या म्हणाल्या, "मग गुण कसे देता?" याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. आजही नीट देता येईल असं वाटत नाही.

आता माझी चूक सांगते, कारण हा सगळा लेख तिच्यासाठीच आहे.

फॉर्म वाटले की निम्मेच परत येतात. उरलेल्यांना आठवणीचं कार्ड टाकावं लागतं. पण फॉर्मवर नाव नाही, मग कुणाचा आला आणि कुणाचा नाही, हे कळणार कसं? म्हणून मी प्रत्येक फॉर्मच्या शेवटच्या पानावर, डाव्या कोपऱ्यात, स्टेपलरच्या पिनेखाली दडेल असा बारीक आकडा शिसपेनीनं लिहिला. कोणता आकडा कोणाचा, याची यादी एका वहीत ठेवली. ती वही कॉलेजमधल्या माझ्या कपाटात, कुलपात. हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं. वर ठळक छापलेलं 'गोपनीय' आणि खाली पिनेखाली आकडा, या दोन गोष्टी एकाच कागदावर आहेत हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आलं असेल तरी मी तिकडं बघितलं नाही.

बेरजा झाल्या. शहरातल्या खासगी शाळांचे गुण सगळ्यांत वर. जुने शिक्षक नव्यांपेक्षा वर. आणि तळाला पेठ आणि सुरगाणा तालुक्यांच्या डोंगरातले झेडपीचे गुरुजी. मला फार नवल वाटलं नाही. एक-शिक्षकी शाळा, वर कुणी बघणारं नाही, असंच व्हायचं, असं मी मनाशी म्हटलं. सगळ्यांत कमी गुणांचा एक फॉर्म होता, दोनशे सतरा. 'मी नियमांचे काटेकोर पालन करतो', पूर्ण असहमत. 'माझे अभिलेख नेहमी खरे व अद्ययावत असतात', पूर्ण असहमत. 'मी कर्तव्यात कसूर केलेली नाही', पूर्ण असहमत. असा माणूस शाळेत करतो तरी काय, म्हणून मी शेवटचं पान उलटलं.

तिथं बहुतेकांनी झाडं लावली, वर्गणी काढून घंटा आणली, असं लिहिलेलं होतं. दोनशे सतरानं लिहिलं होतं: 'दिवाळीनंतर आमच्या पाड्यावरची माणसं द्राक्षबागांवर कामाला जातात. पोरं बरोबर जातात. नाव कमी केलं तर ती परत शाळेत येत नाहीत, हे मी दोनदा बघितलं. म्हणून मी त्यांची हजेरी लावतो. ते खोटं आहे. जबाबदारी माझी.'

मी ते चार वेळा वाचलं. जो माणूस गैरहजर पोराचं नाव टिकवतो, तो माझ्या मापनीवर सगळ्यांत खाली होता. आणि ज्या गुरुजींनी पट्टी लावून दिलीपच्या नावावर रेघ मारली, त्यांना मी हा फॉर्म दिला असता तर? नियमांचं पालन, पूर्ण सहमत. अभिलेख अद्ययावत, पूर्ण सहमत. ते पहिले आले असते. दीड वर्ष घासून मी त्यांच्या मापाचीच पट्टी बनवली होती.

अशा वेळी माणसानं गप्प बसून विचार करावा. मी उलटं केलं. महिन्याभरानं नाशिकला एक चर्चासत्र होतं. तिथं मी माझे निष्कर्ष मांडले आणि शेवटी 'सुरगाणा तालुक्यातल्या एका शिक्षकानं' असं म्हणून ते उत्तर मोठ्यानं वाचलं. टाळ्या पडल्या. मला टाळ्या हव्या होत्या, हे आज कबूल करते.

चहाच्या वेळी पहिल्या रांगेतले एक अधिकारी कप घेऊन जवळ आले. शिक्षण खात्यातले मोठे साहेब. माझ्या संशोधनाला शाळांत जायची परवानगी त्यांच्याच सहीनं मिळालेली.

"छान वाचलंत, मॅडम. आता त्या गैरहजर पोरांचा तांदूळ कुठं जातो, ते नाही लिहिलं त्यानं?"

तेव्हा शाळेत खिचडी शिजत नव्हती. हजेरी बघून दर महिन्याला मुलामागं तीन किलो तांदूळ घरी द्यायचे. खोटी हजेरी म्हणजे खोटा तांदूळ. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

"फॉर्मवर नाव नसतं, साहेब," मी म्हटलं.

"नाव नसतं. नंबर असतो." ते हसले. "मीही एम.एड. केलंय. कोपऱ्यात का पिनेखाली?"

आठवड्यात कॉलेजला पत्र आलं: पडताळणीसाठी फॉर्म आणि सोबतची यादी सादर करावी, अन्यथा परवानगी मागं घेण्यात येईल. प्राचार्य म्हणाले, "देऊन टाका. तुमचं तीन वर्षांचं काम आहे. एका डोंगरातल्या मास्तरसाठी पाण्यात घालू नका." मी पंधरा दिवसांची मुदत मागितली, कपाट उघडलं आणि दोनशे सतरासमोरचं नाव बघितलं. भोये गुरुजी. दुसऱ्या दिवशी सुरगाण्याची एसटी पकडली.

दिंडोरीच्या पुढं बागांच्या कडेला ताडपत्रीच्या झोपड्या दिसत होत्या. त्यांच्यासमोर पोरं खेळत होती. एरवी त्या रस्त्यानं मी कितीदा गेले होते, पण या पोरांची नावं कुठल्या शाळेच्या पटावर असतील असा विचार मनात आला नव्हता. सुरगाण्याहून पुढं जीप. टपावरसुद्धा माणसं. पाड्यावर उतरले तेव्हा सकाळ संपत आली होती.

एका खोलीची शाळा. आत नऊ मुलं आणि पंचेचाळिशीचे, बुटके, पांढरा शर्ट खोचलेले गुरुजी.

"या, बसा. तुम्ही फॉर्मवाल्या मॅडम ना?"

"कसं ओळखलंत?"

"हितं बाहेरच्या बाया दोनच येत्यात. एक नर्सबाई, तिला मी वळखतो."

मुलं हसली. त्यांनी मुलांना पाढे लिहायला लावले आणि आम्ही ओट्यावर बसलो. मी नुसतं म्हटलं, "गुरुजी, तुमच्या फॉर्मवर..."

"दोनशे सतरा," ते म्हणाले.

मला वाटलं, माझ्या कानांनी दगा दिला.

"पिनंखाली लिवलेला. पोरांच्या वह्या तपासून डोळ्यांना सवय झाली, शिसपेन लगेच दिसती. पीन नाय काढली मी. नुसता कागद वाकवला."

"दिसला, तरी तुम्ही ते सगळं लिहिलंत?"

"तुम्हीच इचारलं होतं ना, सोताच्या जबाबदारीवर काय केलं. नाव झाकूनच सांगायचं असंल तर मंग ती जबाबदारी कुणाची?"

ते हे सहज बोलले, पाण्याचा तांब्या पुढं करत. तीन वर्षं मी हा शब्द उरावर घेऊन जिल्हाभर फिरत होते. त्या शब्दावर मी शेकडो पानं वाचली होती. आणि त्याचा अर्थ मला ओट्यावर बसून पहिल्यांदा कळत होता.

मग ते आत जाऊन दोन वह्या घेऊन आले. एक सरकारी हजेरीपट. दुसरी साधी, शंभरपानी, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली.

"ही सायबांची, ही माझी."

दुसऱ्या वहीत खरी हजेरी होती. अकरा मुलं बाहेर गेलेली. प्रत्येकाच्या नावासमोर कोणत्या गावच्या बागेवर, कुणाबरोबर, कधी गेलं आणि गुरुजी कधी भेटून आले, त्या तारखा. दर दुसऱ्या रविवारी ते दिंडोरीकडं जायचे, बांधावर पोरांना बसवून पाढे घ्यायचे, वही देऊन यायचे. शेवटच्या पानांवर अंगठे होते, निळ्या शाईचे, एकाखाली एक.

"हे तांदळाचे. पोरांच्या आज्या हितंच ऱ्हात्यात ना. त्यांना देतो आन अंगठा घेतो. एक दाणा माझ्या घरात नाय."

"पण हे नियमात बसत नाही, गुरुजी."

"नाय बसत. म्हणून तर लिवलं."

मी त्यांना साहेबांचं पत्र दाखवलं. ते त्यांनी शांतपणे वाचलं. घडी करून परत दिलं.

"तुमची नोकरी जाईल," मी म्हटलं.

"बायको बी हेच म्हणती. पोरीला आत्ताच डी.एड.ला घातलंय. नोकरी गेली तर लय अवघड हाय."

"मग मला सांगा ना, नाव देऊ नका म्हणून."

"ते मी कसं सांगू, मॅडम? माझं काम मी केलं. तुमचं तुम्ही बघा." मग म्हणाले, "एक मात्र हाय. यादीत मी एकटा नाय. बाकीच्यांनी काय काय लिवलंय ते तुम्हाला ठावं. त्यांना आकडा दिसला नसंल. त्यांनी तुमच्या छापील शब्दावर लिवलंय."

परतीच्या जीपमध्ये मी बाकीच्यांची उत्तरं आठवत होते. यादीत चारशेच्या वर माणसं होती. कुणी लिहिलं होतं की कॉपी करू दिली. कुणी लिहिलं होतं की गरोदर विद्यार्थिनीचं प्रकरण संस्थेपासून लपवलं. एकानं लिहिलं होतं की एका मुलाला इतकं मारलं की तो शाळा सोडून गेला आणि आपण आजही त्याच्या घरावरून जात नाही. ती वही साहेबांच्या टेबलावर गेली की मी सगळ्यांना विकल्यासारखं होणार होतं. आणि वही मी केली होती. कुणी सांगितलं नव्हतं.

रविवारी दुपारी दिलीपकडे गेले, फॉर्मचे गठ्ठे आणि यादीची वही घेऊन. तो अंगणात मोटरसायकल पुसत होता. त्याला दोनशे सतरा वाचायला दिला. दिलीप अक्षरांखाली बोट धरून वाचतो, चौथीत सोडल्यासारखंच. दोन ओळींना वेळ लागला.

"हजेरी लावतो म्हणजे? नाव ठेवतो?"

"हो."

"जे पोरगं आलंच नाही त्याचं?"

"हो, दादा."

त्यानं फडकं खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "असं करता येतं?"

एवढंच तो बोलला. इतकी वर्षं त्याची समजूत होती की रेघ आपोआप पडते, पाऊस पडतो तशी. ती मारणारा एक हात असतो आणि तो हात थांबू शकतो, हे त्याला त्या दुपारी कळलं. त्याच्या तोंडाकडं बघवेना. मी खाली बघत सगळं सांगितलं, साहेबांचं पत्र, यादी, सगळं.

"मग तू बसलीस कशाला?" तो म्हणाला. "खोडरबर आण."

त्यानं लेथचा काळेपणा जावा म्हणून तीन वेळा साबणानं हात धुतले. मग आम्ही दोघं अंगणात बसलो. प्रत्येक फॉर्मची पीन सैल करायची, कागद वाकवायचा, आकडा खोडायचा. वहिनी चहा देऊन गेली आणि म्हणाली, "दोघं शाळेत बसल्यासारखं बसलाय." ऊन उतरेपर्यंत सगळे आकडे गेले. दोनशे सतरा दिलीपनं खोडला. यादीची वही मी वहिनीच्या चुलीत घातली.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या कार्यालयात गेले आणि लेखी दिलं: 'गोपनीयतेचं आश्वासन देऊन मी फॉर्मवर गुप्त क्रमांक टाकले. ही माझी चूक. क्रमांक व यादी मी नष्ट केली आहे. जबाबदारी माझी.' शेवटचे दोन शब्द कुणाचे, ते मला माहीत होतं.

साहेबांनी दोनदा वाचलं. "तुम्ही स्वतःविरुद्ध लिहून देताय, कळतंय ना? कशासाठी, त्या एका मास्तरसाठी?"

"नाही साहेब. त्या छापील ओळीसाठी. मास्तर खोटं बोलला ते हजेरीपटात. मी खोटं बोलले ते चारशे जणांच्या हातात देऊन."

"परवानगी रद्द होईल."

"हो."

"आणि तुमचा मास्तर मी शोधीनच. तालुका काही फार मोठा नाही."

माझे मार्गदर्शक, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, ते माझ्यावर भडकले. पण आकडे घातले म्हणून नाही. "नंबर सगळेच घालतात हो," ते म्हणाले. "सांगत कोणी नाही. तुम्ही लेखी दिलंत?" हे ऐकून मी जितकी हादरले, तितकी साहेबांसमोरही हादरले नव्हते. तो सगळा डेटा बाद झाला. तीन वर्षं गेली.

साहेबांनी शब्द पाळला. पथक तालुक्यात पाड्यापाड्यावर डोकी मोजत फिरलं. भोये गुरुजींच्या शाळेत आलं तेव्हा विचारायच्या आधीच त्यांनी दोन्ही वह्या टेबलावर ठेवल्या. त्यांच्या दोन वेतनवाढी थांबल्या आणि डोंगरात आणखी आत बदली झाली. तांदळाचा आरोप मात्र अंगठ्यांमुळे टिकला नाही. पथकातल्या एका म्हाताऱ्या विस्तार अधिकाऱ्यानं त्या अकरा नावांपुढं शेरा मारला, 'स्थलांतरित, शिक्षक संपर्कात'. त्यामुळं नावांवर रेघ पडली नाही. मी स्टेजवर ते वाचलं नसतं तर गुरुजींना यातलं काहीच भोगावं लागलं नसतं. त्यांनी मला कधी दोष दिला नाही. मी देते.

दोन हजार सालानंतर नवीन परवानगी काढून मी पुन्हा सुरुवात केली. नव्या मापनीत सहमत-असहमत नाही. प्रसंग दिले आणि विचारलं: मूल महिनाभर आलं नाही, तुम्ही काय केलंत, कुणाला भेटलात. फॉर्म पोस्टानं परत मागवले नाहीत. शाळेत कुलपाची पेटी ठेवली आणि भोक पाडून पाकिटं टाकायला लावली. निम्मे आले नाहीत. नाही आले तर नाही आले. या वेळी गट एकमेकांच्या वर-खाली झाले, आणि कुठल्याही गटाला सरसकट जबाबदार किंवा बेजबाबदार म्हणायची माझी छाती झाली नाही. तेच मी प्रबंधात लिहिलं. तोंडी परीक्षेत एका परीक्षकांनी विचारलं, "मग तुमचा निष्कर्ष काय?" मी म्हटलं, "जबाबदारी माणसात असते. गटात मी शोधली, ती सापडली नाही."

पीएच.डी. मिळाली. ठरल्यापेक्षा पाच वर्षं उशिरा मिळाली, पण आमच्या घराण्यातली पहिली. पदवीच्या दिवशी दिलीप सुटी घेऊन आला होता.

त्या सुमारास मी पुन्हा त्या पाड्यावर गेले. आता स्थलांतरित मुलांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली होती, नाव टिकवायला कुणाला खोटं लिहावं लागत नव्हतं. नव्या गुरुजींनी मला जुनी निकालपत्रकं काढून दिली. त्या अकरा मुलांपैकी आठ जणांची नावं चौथी पास म्हणून त्यात आहेत. मी ती एकेक करून वाचली.